मेपलचा रस आणि कोरडं सरपण

विषय: सरपण आणि मेपल सिरप – मार्गदर्शन हवं आहे

मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीहून व्हरमाँटला, रटलंडजवळ राहायला आलो. घरामागे थोडं रान आहे, त्यात मेपल बरेच आहेत असं शेजारी सांगतात. शाळेच्या सहलीत शुगरहाऊस (मेपलचा रस आटवून सिरप करायची शेड) पाहून आल्यापासून मुलांनी घरी सिरप करायचा ध्यास घेतला आहे. पानं नसताना मेपल ओळखायचा कसा? रस काढायला खोडाला भोकं कधी पाडायची? आणि सरपणाचं काय? शेडमधलं लाकूड घरातल्या स्टोव्हला जेमतेम पुरेल. वादळात पडलेला एक मेपल जानेवारीत कापून ठेवलाय, तो जाळता येईल का? जुन्या घराच्या अंगणात ओकचे ओंडकेही आहेत, ट्रेलरमधून घेऊन यावेत का?

– रटलंडहून, मंडळाचा नवा सभासद

---

विषय: उत्तर: सरपण आणि मेपल सिरप

नमस्कार.

तुम्ही सरपणाचा प्रश्न शेवटी विचारलात, मी तिथूनच सुरुवात करतो. सिरपचं गणित रसाइतकंच सरपणावर ठरतं.

माझं लहानपण कागलकडचं. आमच्या गुऱ्हाळात काहिलीखालच्या चुलवणाला त्याच उसाचं वाळलेलं चिपाड लागायचं, जळण बाहेरून आणावं लागत नसे. शिवाय उसाच्या रसात १५ ते २० टक्के गोडी असते. मेपलच्या रसात ती जेमतेम २ टक्के. इथे ८६ चा नियम सांगतात: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागायचं, तितके गॅलन रस आटवला की एक गॅलन सिरप. म्हणजे २ टक्क्यांच्या रसाचे ४३ गॅलन. त्यातले ४२ गॅलन पाणी वाफेवाटे घालवायचं आहे, आणि ते घालवणार तुमचं लाकूड.

म्हणून जानेवारीत कापलेला मेपल यंदा जाळू नका. ताज्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. आधी ते पाणी उकळण्यात उष्णता जाते, रसाला काय उरणार? ओलं लाकूड स्टोव्हमध्ये घातलं तर धुरांड्यात डांबरासारखी काजळी धरते, ती पेटली की घराला धोका. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. ओलावा मोजायचा मीटर लावायचा तर ओंडका घरात आणून थंडी जाऊ द्या, मग फोडून आतल्या ताज्या बाजूला लावा. गोठलेल्या लाकडावर आकडा खरा येत नाही.

पण तो मेपल आत्ताच फोडून ठेवा. कडाक्याच्या थंडीत आतलं पाणी गोठलेलं असतं, कुऱ्हाडीचा घाव बसला की ओंडका तडकन दुभंगतो. एप्रिलमध्ये त्याच ओंडक्याला पाचर ठोकत बसावं लागेल. स्टोव्हसाठी जाड फाटे, रसासाठी मनगटाएवढे बारीक. जमिनीला टेकवू नका, खाली पॅलेट घाला, वरून झाका, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. बारीक फोडलेला मेपल पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तयार होईल. ओकला मात्र दोन उन्हाळे द्यावे लागतात.

ओकचे ओंडके मात्र आणूच नका, हे कळकळीने सांगतो. प्रक्रिया न केलेलं सरपण बाहेरच्या राज्यातून व्हरमाँटमध्ये आणायला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. अ‍ॅशची झाडं मारणारा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २०१८ मध्ये आपल्याकडे पोचला. सरपणाच्या गाड्यांतून तो फार लांबवर गेला. न्यू जर्सीत स्पॉटेड लँटर्नफ्लाय ही आणखी एक कीडही आहे, तिची अंडी ओंडक्यांच्या सालीवर हिवाळा काढतात. ते ओंडके तिथेच कुणाला तरी देऊन टाका.

मग यंदा जाळायचं काय? जवळच्या आरागिरणीत विचारा. फळ्या काढताना उरलेले सालीचे काप स्वस्तात मिळतात. वाळलेला पाइनही चालतो. रसाखाली निखारा नको, भडकती ज्योत हवी, आणि ती पाइन छान देतो. रंग लावलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड मात्र जाळू नका.

आता झाडं. फांद्या बघा. शुगर मेपलच्या कळ्या समोरासमोर, तपकिरी आणि टोकदार असतात. रेड मेपलच्या तांबड्या, गोलसर. त्याचाही रस चालतो, पण तो लवकर फुलतो आणि कळ्या फुगल्या की रसाला नकोशी चव येते. अ‍ॅशच्याही कळ्या समोरासमोर असतात, म्हणून साल बघून शेजाऱ्यांकडून खात्री करून घ्या.

खोडाचा व्यास छातीच्या उंचीवर निदान १० ते १२ इंच हवा. अशा झाडाला एकच भोक. ५/१६ इंचाचं ड्रिल, दीड ते दोन इंच खोल, रस बाहेर ओघळेल असा किंचित वर चढता कोन. लाकूड पांढरं निघालं पाहिजे, तपकिरी निघालं तर ती जागा मेलेली समजा. झाड जखम भरून काढत नाही, आतून भिंत घालून बंद करतं, आणि तिथून पुन्हा कधी रस येत नाही. म्हणून दरवर्षी जागा काही इंच बाजूला सरकवायची. झाड आपल्यापेक्षा जास्त जगणार आहे, घाई करून त्याला जास्त भोकं पाडू नका.

जुनी माणसं मार्चच्या पहिल्या मंगळवारी, टाउन मीटिंगच्या (गावसभेच्या) सुमारास, भोकं पाडायची. आता कित्येक जण त्याआधीच सुरू करतात. तुम्ही हवामानाकडे बघा: रात्री गोठणारं, दिवसा ४०° फॅरनहाइटच्या आसपास. रात्रीच्या गारठ्यात झाड पाणी वर ओढून घेतं, दिवसा ऊब आली की आतला दाब रस बाहेर ढकलतो. सलग उबदार किंवा सलग गोठलेले दिवस आले की धार थांबते.

भोकात बसवायच्या नळीतून रस बादलीत पडतो; पहिल्या वर्षी अशा आठ-दहा नळ्यांवर थांबा. एका नळीमागे हंगामात साधारण १० गॅलन रस धरा, म्हणजे सगळं मिळून दोनेक गॅलन सिरप. सिमेंटच्या ठोकळ्यांची चूल अंगणात मांडा, त्यावर उथळ रुंद पॅन. सगळा रस घरात आटवू नका, वाफेने भिंतींचे कागद सुटतात.

तुमच्याकडचा तो मेपल फोडायला मी शनिवारी येऊ शकतो. माझ्याकडे दोन पाचरी आणि जड हातोडा आहे.

– मिडलबरीचे काका

---

विषय: उत्तर: उत्तर: सरपण आणि मेपल सिरप

काकांनी बहुतेक सगळं सांगितलंच आहे. स्वयंपाकघराकडून दोन गोष्टी जोडते.

रस दुधासारखा सांभाळा. बादल्या खाण्याच्या दर्जाच्या घ्या, जुन्या बाजारातल्या डाग दिलेल्या नकोत, त्यात शिसं असू शकतं. रस बर्फात पुरून ठेवा आणि शक्य तितक्या लवकर आटवा. उतू जायला लागला तर लोण्याचा बारीकसा खडा टाका, फेस बसतो.

शेवटचा टप्पा घरातल्या गॅसवर करा, बाहेरच्या आगीवर पाक क्षणात करपतो. त्या दिवशी साधं पाणी किती अंशांवर उकळतं ते आधी मोजा, त्याच्या ७° फॅरनहाइट वर सिरप तयार. गरम असतानाच लोकरीच्या फडक्यातून गाळा, तळाशी बसणारी वाळूसारखी चुरी निघून जाते. आमच्याकडे पाडव्याला पुरणपोळीवर तुपासोबत तेच घेतात.

आणि चुलीची राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घरापासून लांब. राखेखाली निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो.

– मॉन्ट्रियलहून, वहिनी

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: सरपण आणि मेपल सिरप

काका, वहिनी, मनापासून आभार. जर्सीचे ओंडके तिथल्याच शेजाऱ्यांना देतोय. आरागिरणीत फोन केला, पाइनचे काप आहेत म्हणाले. काका, शनिवारी सकाळी नऊला या, जेवण आमच्याकडेच. यादीवरच्या कुणाला यायचं असेल तर हातमोजे आणि डोळ्यांवरचा चष्मा आणा, काम भरपूर आहे.

– रटलंडहून