किलिमांजारो: हळूहळू चढणारा मार्ग कोणता? लवकर सांगा

डिचोलीकर: चवथ झाली की निघायचंय. शुक्रवारपर्यंत मार्ग कळवायचाय, एजंट रोज फोन करतोय. मारांगू, माचामे, लेमोशो, सगळ्यांचे फोटो सारखेच. अंगाला झेपत झेपत चढवणारा कोणता?

सत्तरीचा_वाटाड्या: दिवस किती? वय? याआधी किती उंचीवर झोपलायत? माप न देता ब्लाउज शिवायला टाकलाय तुम्ही.

म्हापशेकर: मारांगूच घ्या. राहायला झोपड्या आहेत, बाकी वाटांवर तंबू. मी तिथूनच गेलो, मस्त.

सत्तरीचा_वाटाड्या: शिखर गाठलंत? पाच दिवसांच्या मारांगूत होरोंबोचा मुक्काम 3720 मीटरवर, दुसऱ्या दिवशी किबोचा 4700 च्या वर, आणि त्याच मध्यरात्री 5895 च्या चढाला सुरुवात. शरीराने सवय करायची कधी? लेमोशो घ्या, आठ दिवसांचा. लाव्हा टॉवरला 4600 पर्यंत चढवतात आणि झोपायला खाली बारान्कोला, 3900 च्या आसपास, आणतात. खरी मेख तिथे आहे.

म्हापशेकर: होरोंबोला एक दिवस जादा थांबलं की झालं. आणि गिलमन्स पॉइंटपर्यंत पोचलं तरी प्रमाणपत्र मिळतं.

सत्तरीचा_वाटाड्या: म्हणजे शिखर नाही. कळलं.

काणकोणची_शैला: एवढ्या लांब कशाला? आधी दार्जिलिंगकडचं सांदकफू करा, 3636 मीटर. आपल्या गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर, सोंसोगड, तरी पाहिलंय का कोणी?

डिचोलीकर: रजा दहा दिवस, विमानप्रवास धरून. मी 31, रोज धावतो. आई 58.

सत्तरीचा_वाटाड्या: आई??

डिचोलीकर: हो, येतेय ना. लिहिलं नव्हतं का? बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. रोज मये तळ्यापर्यंत चालते.

म्हापशेकर: डायमॉक्स द्या, उंचीच्या त्रासावरची गोळी, काही होत नाही.

औषधवाली: असं परस्पर सांगू नका हो. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, डायमॉक्सनेही वाढते. गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा.

सत्तरीचा_वाटाड्या: दहा दिवसांत आठ दिवसांचा लेमोशो कोंबू नका. रजा वाढवा. नाहीतर सात दिवसांचा रोंगाई बघा, उत्तरेकडून, चढ सौम्य. ऑक्टोबरच्या आत उरका, नोव्हेंबरात तिथे पाऊस.

काणकोणची_शैला: बूट नवे कोरे नेऊ नका, फोड येतात.

डिचोलीकर: बुटांचं विचारलं नव्हतं. लेमोशो महाग पडतोय. आणि आईला झोपड्याच आवडल्यात.

सत्तरीचा_वाटाड्या: मग मारांगू, पण सहा दिवसांचा. आणि एजंटला फोन करण्याआधी डॉक्टरांकडे नंबर लावा.

काणकोणची_शैला: झोपड्या सांदकफूलाही आहेत.