'पार्टिशन डिलीट करा' : कागदावर मराठीत काय लिहायचं?

बर्डीकर
शाळेच्या संगणक खोलीत चिकटवायला विंडोज ११ टाकण्याचा एकपानी कागद मराठीत करतोय. एका ओळीवर गाडं अडलंय. पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला तुकडा. "जुनी पार्टिशनं डिलीट करून अनअलोकेटेड स्पेस निवडा" याचं मसुद्यात "फाळण्या रद्द करून अवितरित अवकाश निवडा" असं झालंय. तपासणाऱ्यांनी 'फाळणी'वर लाल रेघ ओढली, म्हणे ती १९४७ची. 'अवितरित अवकाश' मलाच नको आहे. 'रिकामी जागा' चालेल का?

तर्रीपोहे
'रिकामी जागा' नका लिहू भाऊ, घोळ होईल. सेटअपच्या यादीत 'फ्री स्पेस' नावाचा वेगळा रकानाच असतो. डी ड्राइव्हमध्ये ४० जीबी शिल्लक असली की ती पण रिकामीच. पोरगं कागद वाचून डी निवडेल आणि मास्तरांच्या प्रश्नपत्रिका जातील. अनअलोकेटेड म्हणजे कोणाच्याच नावावर नसलेली.

मुठेकाठी
'विभाजन' हा सरळ शब्द असताना एवढा खल कशाला? महापौर, दिग्दर्शक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसलेच होते. वापरला की रुळतो.

तर्रीपोहे
विभाजन ही क्रिया झाली. क्लिक करायचं असते त्या तुकड्यावर. "विभाजन ३ पुसा" म्हणजे काय पुसायचं? इंग्रजीत क्रिया, तुकडा आणि मधली भिंत तिन्हींना एकच शब्द चालतो, आपल्याकडे नाही. आपण पार्टिशन घेतलं ते भिंतीपुरतं, प्लायचं.

धुरकरी
विदर्भात बसून शब्द कशाला शोधून राहिले? वावरात आहेत ना. डिस्क म्हणजे अख्खं वावर, पार्टिशन म्हणजे हिस्सा, दोन हिश्श्यांच्या मधात धुरा, आणि पार्टिशन टेबल म्हणजे सातबारा. अनअलोकेटेडला पडीत.

आता नीट बसते का पाहा. हिश्श्यांच्या नोंदी ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिला कप्पा, ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या बूट कोडला, ६४ बाइट हिश्श्यांच्या नोंदींना, शेवटचे २ सहीचे. एक नोंद १६ बाइटची, म्हणून प्रायमरी हिस्से चारच. पाचवा पाहिजे तर एका हिश्श्यात पोटहिस्से पाडा, तेच लॉजिकल. जीपीटी या नव्या पद्धतीत विंडोज १२८ नोंदी ठेवते आणि सातबाऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडमध्ये 'क्लीन' दिलं की सातबारा फाटला, वावर जाग्यावरच. म्हणून नंतर काही लिहिलं नसेल तर टेस्टडिस्क नावाचं सॉफ्टवेअर धुरे हुडकून नोंदी परत बसवते.

शब्दवेल्हाळ
सुंदर, पण सातबारा चुकला. सातबारा कोणाचं किती ते सांगतो, हद्द कुठून कुठे ते नाही. पार्टिशन टेबलमध्ये सुरुवातीचा सेक्टर आणि लांबी असते, म्हणजे तो मोजणीचा नकाशा झाला. आणि भूमी अभिलेखच्या जुन्या कागदांत टिपण, गुणाकार बुक, आकारफोड यांच्याच रांगेत 'फाळणी' बसलेली आहे! तेव्हा लाल रेघ ओढणाऱ्यांना तालुक्याच्या मोजणी कार्यालयात पाठवा. १९४७ने हा शब्द आपल्याकडून उसना नेला.

मुठेकाठी
'पडीत' की 'पडीक'?

धुरकरी
इकडे पडीतच. तुम्ही बांध म्हणता, आम्ही धुरा म्हणतो, भांडण तेवढंच होते. फॉरमॅटला मी वखरणी म्हणीन. क्विक फॉरमॅट म्हणजे वरवर वखर फिरवणं, फाइलींची यादी नवी होते आणि खालची मुळं, म्हणजे जुना डेटा, तशीच राहतात. विस्टापासून पुढे फुल फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्य लिहिते, ती नांगरणी.

तर्रीपोहे
एसएसडीवर ही उपमा उताणी पडते. तिथं क्विक फॉरमॅटसोबत ट्रिम, म्हणजे 'हे कप्पे रिकामे समज' असा आदेश, जाते, मुळंबिळं काही हाती लागत नाही. कागदावर 'वखरणी' लिहून पोरांना मुळं शिल्लक असल्याचा भरवसा देऊ नका.

बर्डीकर, शब्द काही ठेवा, पण 'डिस्क' आणि 'ड्राइव्ह' वेगळे ठेवा. सेटअप 'ड्राइव्ह ०' किंवा 'डिस्क ०' म्हणते तेव्हा अख्खी डिस्क, लोक 'सी ड्राइव्ह' म्हणतात तेव्हा एक हिस्सा. "ड्राइव्ह क्लीन करा" लिहिलं की झालं कल्याण. त्यात बुटेबल पेनड्राइव्ह पण यादीत डिस्क म्हणूनच येतो. नंबर पाहू नका, साइज पाहा. दुसरी हार्ड डिस्क असेल तर डेटा केबल काढूनच बसा.

तिसरा शब्द 'ड्रायव्हर'. ११व्या पिढीपासूनच्या कितीतरी इंटेल लॅपटॉपवर व्हीएमडी ही इंटेलची डिस्क सांभाळायची सोय चालू असते, मग सेटअपला डिस्कच दिसत नाही. गिऱ्हाईक म्हणते "ड्रायव्हर दिसत नाही". चुकून खरं बोलते, कारण 'लोड ड्रायव्हर'मधून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा प्रोग्रॅम, दिला की ड्राइव्ह दिसते.

मुठेकाठी
मग 'बूट'चं काय? तो पायताणाच्या मागच्या बाजूच्या पट्ट्याचा शब्द, बूटस्ट्रॅप. स्वतःच्या बुटाचा पट्टा ओढून स्वतःला उचलायचं. मराठीत त्यातलं काहीच उरलं नाही. 'आरंभण' म्हणावं.

धुरकरी
नागपुरात "मशीन उठून नाही राहिली" म्हणतात. यात उचलणं आलंच की!

तर्रीपोहे
"उठत नाही" म्हटलं तर रोग कळत नाही. 'चालू होत नाही' म्हणजे पंखा फिरत नाही, एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा किंवा पॉवर बटण पाहा. 'बूट होत नाही' म्हणजे पंखा फिरतो, कंपनीचा लोगो येतो आणि मग "नो बुटेबल डिव्हाइस". पहिल्याला पेचकस लागतो, दुसऱ्याला पेनड्राइव्ह. 'आरंभण'मध्ये दोन्ही गाडले जातील.

दुसऱ्याचा इलाज: पेनड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जा, कमांड प्रॉम्प्ट उघडा. 'बूटरेक फिक्सबूट' ही बूट दुरुस्तीची कमांड यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीने बूट होणाऱ्या, मशीनवर बऱ्याचदा "ॲक्सेस इज डिनाइड" म्हणते, तिथं डोकं आपटू नका. डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम' पाहा. फॅट३२चा लहानसा हिस्सा, बहुधा १०० एमबीचा, तोच बूटचा. तो सिलेक्ट करून त्याला एस अक्षर द्या. बाहेर येऊन बूटच्या फाइली नव्याने लिहिणाऱ्या बीसीडीबूटला विंडोज फोल्डरचा पत्ता, 'स्लॅश एस'पुढे एस अक्षर आणि 'स्लॅश एफ'पुढे यूईएफआय एवढं द्या. रिपेअरमध्ये सी हे सी असेलच असं नाही, आधी 'डीआयआर' करून विंडोज फोल्डर कुठल्या अक्षरात आहे ते पाहा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर ४८ आकडी चावी जवळ ठेवा.

शब्दवेल्हाळ
आणि तो १०० एमबीचा हिस्सा सोडून पोरं बाकीचं सगळं 'मारतात'. विंडोज मारणे, फॉरमॅट मारणे हा हिंदीचा प्रसाद आहे. विंडोज टाकतात हो.

धुरकरी
दही जसं विरजण टाकून लागते, तसं? मारणं आपलंच आहे. शिट्टी मारतात, गाठ मारतात, चक्कर मारतात.

शब्दवेल्हाळ
गाठ मारल्यावर गाठ उरते. फॉरमॅट मारल्यावर काय उरतं?

तर्रीपोहे
फॉरमॅटच उरते ना. एनटीएफएस, फाइली ठेवायची मांडणी.

बर्डीकर
सगळ्यांचे आभार. उद्या सकाळी लॅमिनेशनला द्यायचंय. 'हिस्सा' घेतला, 'डिस्क' वेगळी केली. पडीत की पडीक तेवढं सांगा.

मुठेकाठी
दोन्ही नको. 'अनियत'.

धुरकरी
हे कोणत्या गावचं पीक?