चांदीपुरा व्हायरसवर अजून औषध काहून नाही?

वर्धेचा_पोट्टा:
भाऊ लोकहो, हे चांदीपुरा आपल्या नागपूरकडचं गाव, 1965 मध्ये तिथल्या तापाच्या पेशंटच्या रक्तात हा व्हायरस सापडला म्हणून त्याले गावाचंच नाव पडलं, पुण्याच्या एनआयव्हीवाल्यांनी, म्हणजे व्हायरसवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनं शोधला. 2003 ले आंध्रात लय पोट्टे गेले, 2024 ले गुजरातमध्ये परत साथ. मंग इतक्या वर्षांत यावर एक गोळी काहून निघाली नाही? टायफॉइडले हाय ना, कोविडले त दोन वर्षांच्या आत निघाली. आशाताईले विचारलं त ती म्हणते फवारणी करा, औषध नाही हाय.

रसायनवाला_अमरावती:
टायफॉइड बॅक्टेरियाचा, फरक तिथंच आहे. बॅक्टेरियाची भिंत, प्रोटीन बनवायची यंत्रणा सगळं स्वतःचं आणि आपल्या पेशीपेक्षा वेगळं, त्यामुळं अँटिबायोटिक तेवढंच नेमकं बिघडवतं. व्हायरसजवळ स्वतःचं असं काही नसतंच जवळपास. चांदीपुराची मोजून पाच प्रोटीनं, बाकी सगळं काम तो आपल्याच पेशीकडून करून घेतो, मग मारायचं काय? त्या पाचातलं एखादं पकडायचं जे आपल्या शरीरात नाही. नागिणीवर देतात ते असायक्लोव्हिर बघा, ते रक्तात नुसतं फिरत राहतं, नागीण ज्यानं होते त्या हर्पिस गटाच्या व्हायरसचं थायमिडीन कायनेज हे एन्झाइम त्याला पहिला फॉस्फेट लावतं तेव्हा कुठं ते चालू होतं, म्हणजे जिथं व्हायरस तिथंच मार. मला तरी याहून सुंदर औषध माहीत नाही. गर्ट्रूड एलियन यांच्या टीमचं काम, 1988 च्या नोबेलमध्ये त्या होत्या.
आणि कोविडची पॅक्स्लोविड शून्यातून नाही आली, 2003 च्या सार्सच्या (कोविडच्या व्हायरसचाच भाऊबंद) वेळचं, व्हायरसचं प्रोटीन कापणाऱ्या प्रोटिएज एन्झाइमवरचं काम फायझरकडे पडून होतं.

सोयाबीन_अन्_कर्ज:
सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला का कृषी केंद्रवाला व्हायरसचं औषध म्हणून महागडी बाटली गळ्यात मारते, काही होत नाही तिच्यानं. पांढरी माशी आवरा अन् रोगट झाड उपटा, एवढंच हातात. माणसाचं बी तसंच दिसते. अन् खेड्यातल्या पोट्ट्यांसाठी कंपनी कायले पैसा लावन जी?

पीएचसी_डॉक्टर:
पैशाचं खरं आहे भाऊ, पण तेवढंच नाही. हिपॅटायटिस सी चं सोफोसबुविर 2013 ला अमेरिकेत आलं तेव्हा एक गोळी हजार डॉलरची, नंतर भारतात जेनेरिक निघाली. तिथं पेशंट करोडोंनी, आजार वर्षानुवर्षं चालतो, 12 आठवडे गोळ्या द्यायला सवड असते. इथं पोरगं सकाळी अंगणात खेळत असतं, मग ताप, उलट्या, झटके, आणि दुसऱ्या दिवशी कोमात. फ्लूचं ओसेलटामिव्हिरसुद्धा 48 तासांच्या आत सुरू केलं तर खरं कामाचं, इथं सॅम्पल पुण्याला जाऊन रिपोर्ट येईपर्यंत खेळ संपलेला असतो. त्यात हा व्हायरस मेंदूवर जातो, म्हणून औषध मेंदूपर्यंत पोचायला पाहिजे, बरीचशी पोचतच नाहीत. आणि ट्रायल घ्यायची तर पेशंट कुठून आणणार, पुढची साथ कोणत्या गावात हे कोणाला ठाऊक? सध्या झटके थांबवणं, मेंदूची सूज उतरवणं आणि वेळेत मोठ्या दवाखान्यात पाठवणं, एवढंच आम्ही करतो. हा व्हायरस पसरवणारी सँडफ्लाय, म्हणजे बारीक वाळूमाशी, भिंतीच्या भेगांत राहते, त्या लिंपून घ्या, आशाताई बरोबर सांगते.

वर्धेचा_पोट्टा:
मंग दुसऱ्या रोगाची जुनी गोळी नाही चालणार का?

रसायनवाला_अमरावती:
बघतात ना तसं. एझेडटी 1964 मध्ये कॅन्सरसाठी बनवलेलं, तिथं फेल गेलं आणि 1987 ला एचआयव्हीचं पहिलं औषध ठरलं. पण उलटंही होतं, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन लॅबमधल्या पेशींवर मस्त चाललं आणि कोविडच्या पेशंटवर काहीच नाही. मला विचाराल तर चांदीपुराचं एल प्रोटीन धरावं, म्हणजे त्याचं पॉलिमरेज, ज्यानं तो स्वतःच्या जीनच्या प्रती काढतो. अमेरिकेत गुरांना होणारा व्हीएसव्ही याचा चुलतभाऊच, त्याच्या एल ची रचना 2015 पासून उपलब्ध आहे, त्यावर कॉम्प्युटरवर डॉकिंग (कोणतं औषध त्या प्रोटीनच्या खाचेत बसतं ते तपासणं) करून बघायला बी.फार्मचं पोरगंही बसू शकतं. तुझं शिक्षण कशात चालू आहे?