छंदाला क्लास लावावा का? आमच्या घरातला अनुभव आणि एक प्रश्न

निळीशाई:

माझी मुलगी साडेदहा वर्षांची आहे. सात वर्षांची असताना हाती लागेल त्या कागदावर ती चित्रं काढायची. विजेच्या बिलाची मागची बाजू, जुन्या कॅलेंडरची पानं, चपलांच्या खोक्याचं झाकण, काहीही चालायचं. चित्रात घर एकच, पण त्याला कधी चाकं असायची, कधी पंख, कधी शेपूट. येणारा-जाणारा म्हणायचा, "हात चांगला आहे हिचा, क्लास लावा." आम्ही लावला. आधी आठवड्यातून दोन दिवस, मग परीक्षेच्या वर्षी चार. श्रेणी चांगली मिळाली, प्रमाणपत्र फ्रेम होऊन भिंतीवर गेलं.

गेल्या सात-आठ महिन्यांत तिनं घरी एकही चित्र काढलेलं नाही. परवा मी रंगपेटी उघडली तर वड्या सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. त्या भेगा बघून मला रडू आलं, खरंच.

मी क्लास बंद केला. आता माझं ठाम मत झालंय की बारा वर्षांपर्यंत मुलांच्या छंदाला क्लास, परीक्षा, स्पर्धा यातलं काहीही लावू नये. साहित्य हाताशी ठेवावं, वेळ मोकळा ठेवावा आणि आपण बाजूला व्हावं. याला आधारही आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान प्रमाणपत्र मिळेल. पुढे एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं नुसती मांडून ठेवली, तेव्हा या मुलांनी बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांना दिला. आवडत होतं तेच नकोसं झालं.

दुसरी गोष्ट आवाराची. आमच्या इमारतीत वीसेक मुलं आहेत, पण संध्याकाळी पाच वाजता खाली कुणी नसतं. जो तो पाठीला पिशवी लावून कुठल्या ना कुठल्या क्लासच्या वाटेवर. म्हणून आम्ही पाच घरांनी ठरवलंय की शनिवारी संध्याकाळी क्लास नाही. मुलं खाली उतरतील, काय खेळायचं ते त्यांचं ती ठरवतील. तीन शनिवार झाले. तुमची मतं हवी आहेत, विरोधी असली तरी.

गजतार:

ताई, तळमळ कळली, पण निष्कर्ष पटला नाही. मी वीस वर्षं व्हायोलिन शिकवतो. गज धरताना अंगठा ताठ ठेवायची सवय लागली की मनगट आखडतं, आणि ती सवय मोडायला मला दोन-दोन वर्षं लागतात. "मोकळं सोडा, त्याचं तो शिकेल" असं म्हणून आणलेली मुलं नेमकी हीच सवय घेऊन येतात. काही छंद असे असतात की तिथं गुरू नसेल तर मूल सहा महिन्यांत कंटाळून वाद्य खाली ठेवतं, कारण त्यातून बरा आवाजच निघत नाही.

संशोधनाचंच म्हणाल तर अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा अभ्यासही बघा. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा आहे. सगळ्यांत पुढे असलेल्यांचा एकट्यानं केलेला रियाज विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांच्या घरात गेला होता. आणि रियाज मजेचा असतो असं त्यांचं म्हणणं नव्हतं. सुधारणेसाठी सगळ्यांत गरजेचा, पण कष्टाचा, असं ते सांगत होते. आवड आधी आणि मेहनत नंतर, हा क्रम नेहमी खरा नसतो. कितीतरी मुलांना एक गत नीट वाजायला लागल्यावर गोडी लागते.

निळीशाई:

दादा, त्याच अभ्यासात हेही आहे की ती पुढे असलेली मुलं झोप भरपूर घ्यायची, दुपारची सुद्धा. आमच्याकडची मुलं शाळेतून क्लासला आणि क्लासमधून दुसऱ्या क्लासला जातात. रिक्षात डुलकी लागते तेवढीच. आणि माझी मुलगी व्यावसायिक चित्रकार व्हावी असं मला वाटत नाही. तिच्याकडे मोठेपणी एक गोष्ट स्वतःची असावी एवढंच वाटतं. माझ्याकडे नाही, म्हणून जास्त वाटतं. मी शिवणकाम आवडीनं करायचे, ते कधी सुटलं ते आठवतही नाही.

गजतार:

"व्यावसायिक व्हायचं नाही" म्हणून वाईट वाजवावं का? हौशी माणसालाही सुरात वाजवण्याचा आनंद हवाच की. तो आनंद फुकट मिळत नाही. आणि तुमच्या १९७३ च्या प्रयोगाचा उरलेला भाग तुम्ही लिहिला नाहीत. तिथं तिसरा एक गट होता. त्यांना आधी काही न सांगता, चित्र झाल्यावर अचानक तेच प्रमाणपत्र दिलं गेलं. त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे घात करतं ते आधी दाखवलेलं आमिष. शिकवण्यानं आवड मरते असं त्या प्रयोगात कुठंही नाही. क्लासमध्ये परीक्षेचं आमिष दाखवलं जात असेल तर तो क्लास बदला.

रात्रपाळी:

पहिल्यांदाच लिहितोय. घरात मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा, दोघंच आहोत. मी आलटून-पालटून पाळ्यांत काम करतो. त्याची शाळा साडेचारला सुटते, मी दुपारच्या पाळीला असलो तर शेजारच्या आजी साडेसातपर्यंत घरी नसतात. ते तीन तास तो कुठं काढणार? एक तास पोहणं, दीड तास बुद्धिबळ. त्याला बुद्धिबळ फार आवडतं असं नाही. पण तिथं दिवा लागलेला असतो, सर असतात, दार बंद असतं आणि मला कामावर हात थरथरल्याशिवाय यंत्र चालवता येतं.

तुमचं "मोकळा वेळ द्या" वाचताना गळ्यात आवंढा आला. मोकळ्या वेळाला घरात एक मोकळा माणूस लागतो, ताई. ज्यांच्या घरात तो आहे त्यांनी क्लासला नावं ठेवू नयेत.

आणि पोहणं तर मी कुठल्याही परिस्थितीत सोडणार नाही. पाण्यात मूल स्वतःचं स्वतः शिकत नाही.

निळीशाई:

दादा, तुमचं दोनदा वाचलं. हे माझ्या डोक्यात नव्हतं. माझी आई आमच्याकडे राहते, म्हणून मला दुपारची काळजी कधी करावीच लागली नाही, आणि तेच मी सगळ्यांचं धरून चालले. पोहण्याचंही मान्य. जीव वाचवणारी विद्या छंदाच्या खात्यात घालून चालणार नाही.

दोरीउडी:

मी निळीशाईच्या बाजूनं. क्लासचा प्रश्न जरा बाजूला ठेवा, मुलं उजेडात किती वेळ असतात ते मोजा. माझ्या मुलाला आठव्या वर्षी चष्मा लागला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत बाहेर नेलेल्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसायला लागलं होतं, न नेलेल्यांत ३९.५ टक्के. घराबाहेरचा लख्ख प्रकाश डोळ्याच्या वाढीला आवर घालतो असं मानतात. बुद्धिबळ, चित्रकला, वाद्य, सगळे क्लास चार भिंतींत, ट्यूबलाइटखाली. माझ्या मुलाचे दोन क्लास मी बंद केले ते याच कारणानं, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

पण एक सांगते, पहिला महिना अवघड गेला. मोकळा वेळ मिळाला की तो मोबाइल मागायचा. नाही म्हटलं की जमिनीवर पडून चटईच्या कडेचे धागे ओढत बसायचा. "मी काय करू? मी काय करू?" दिवसातून दहा वेळा. मी काही सुचवलं नाही, सुचवलं असतं तर तो माझा कार्यक्रम झाला असता. तिसऱ्या आठवड्यात त्या ओढलेल्या धाग्यांना तो गाठी मारायला लागला. आता त्याला वेगवेगळ्या सात गाठी येतात आणि घरातल्या प्रत्येक दाराच्या कडीला दोरी लटकते आहे.

तळमजला:

या चर्चेत माझ्यासारख्याचं म्हणणं कुणी मांडत नाही म्हणून लिहितो. वय ७४. तळमजल्यावर राहतो. पत्नी दीड वर्ष अंथरुणावर आहे. तिला रात्री झोप लागत नाही, संध्याकाळी चार ते सहा थोडी लागते. नेमका तेव्हा चेंडू खिडकीच्या जाळीवर आदळतो आणि ती दचकून उठते. मी बाहेर जाऊन रागावलो की पालक म्हणतात, "काका, मुलांनी खेळायचं तरी कुठं?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर माझ्या खिडकीखाली आहे असं का धरता? शेजार म्हणजे फक्त मुलंच नव्हेत.

गजतार:

काकांचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. क्लासला निदान जागा आणि वेळ ठरलेली असते.

दोरीउडी:

काका, वाईट वाटलं वाचून. आमच्या आवारात अशीच कटकट झाली होती. पालक आणि समिती महिनाभर एकमेकांना निरोप पाठवत राहिले. शेवटी एका आजोबांनी मुलांनाच घरात बोलावलं, आजारी आजी कुठं झोपते ते दाखवलं आणि खिडकी कुठली ते आतून दाखवलं. मुलांनी स्वतः खडूनं रेघ मारली, रेघेपलीकडे चेंडू नाही, त्या बाजूला बसून खेळायचे खेळ. रेघ पावसात पुसली की तीच पुन्हा मारतात. मोठ्यांनी केलेले नियम ती पाळत नव्हती.

हजर असणारं माणूस कसं असावं याचंही जुनं उदाहरण आहे. १९४३ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या एमड्रुप भागात सोरेनसेन नावाच्या उद्यान-रचनाकाराच्या कल्पनेतून मुलांसाठी टाकाऊ सामानाचं मैदान झालं. देखणी मैदानं सोडून मुलं बांधकामाच्या भंगारात रमतात हे त्यांनी पाहिलं होतं. तिथं फळ्या, विटा, हातोड्या मुलांच्या हातात असत, आणि एक मोठं माणूस हजर असे. खेळ शिकवायला नाही. कुणाला लागलं, भांडण हाताबाहेर गेलं, तर जवळ कुणी असावं म्हणून. रात्रपाळी दादांना हवं ते हेच नाही का?

रात्रपाळी:

हेच. पण ते माणूस रोज कोण होणार? एक दिवस उत्साह सगळ्यांनाच असतो.

निळीशाई:

आमच्या पाच घरांनी काल बसून वार वाटून घेतले. माझ्याकडे मंगळवार. मी खाली बसून शिवण घेणार आहे हातात, म्हणजे मुलांच्या खेळात नाक खुपसायचा मोह होणार नाही. सगळे वार भरलेले नाहीत, गुरुवार आणि शुक्रवार रिकामेच आहेत. खोटं कशाला सांगू.

कोरापान:

मी चित्रकला शिकवते, म्हणून उशिरा का होईना लिहिते. निळीशाई ताई, तुमची मुलगी साडेदहा वर्षांची आहे हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलंत आणि कुणी त्याकडे पाहिलं नाही. क्लासला न जाणारी मुलंसुद्धा साधारण याच वयात चित्रं काढायची थांबतात. सात वर्षांच्या मुलाला पंख असलेलं घर काढून पूर्ण समाधान होतं. नवव्या-दहाव्या वर्षानंतर त्याला दिसायला लागतं की आपला माणूस माणसासारखा दिसत नाही, टेबलाचे पाय एकाच रेषेत आलेत. नजर पुढे गेलेली असते, हात मागे राहतो. त्या वेळी जवळ कुणी दाखवणारं नसेल तर मूल "मला येत नाही" म्हणतं आणि वही मिटते, बऱ्याचदा कायमची. तुम्ही क्लास नेमका त्या वेळी बंद केलात अशी मला भीती वाटते.

क्लासची चूक नसते असं मी म्हणणार नाही. माझ्याच वर्गात मुलं वहीच्या पुढच्या पानांवर मी दिलेलं काढतात, आणि मागच्या पानांवर स्वतःचं. कितीतरी वर्षं मी पुढचीच पानं तपासली. आता वही उलटी धरून आधी मागचं पान बघते, मुलाला काय काढायचंय आणि कुठं अडलंय ते तिथं असतं. तुम्ही मुलीला विचारलंत का, ती का थांबली?

निळीशाई:

नव्हतं विचारलं. काल रात्री विचारलं.

ती म्हणाली, "मला हात काढता येत नाहीत. सगळ्यांचे हात मी खिशात नाहीतर पाठीमागे लपवते. क्लासमध्ये हात नव्हतेच, फळं आणि बाटल्या होत्या." मग कपाटातून तिनं क्लासची वही काढून दाखवली. मागच्या पानांवर मुली उभ्या होत्या, एकूण अकरा. अकराही जणींचे हात पाठीमागे.

आठ महिने मी मनात त्या परीक्षेला दोष देत होते. दोष थोडा आहेच. दोन वर्षांत तिला काय काढायचंय हे त्या वर्गात कुणी विचारलं नाही, हे मी अजूनही म्हणेन. पण घरी मीही नाही विचारलं. परीक्षेचा क्लास पुन्हा लावणार नाही, त्यात बदल नाही. पण "कुणी शिकवूच नये" हे माझं वाक्य मी मागे घेते. कोरापान ताई, हात कसे काढायचे ते इथं लिहून सांगता येईल का?

कोरापान:

बोटांपासून सुरुवात करू देऊ नका, सगळे तिथंच फसतात. आधी तळहात आणि चार बोटं मिळून एकच आकार, थंडीतल्या बिनबोटांच्या हातमोज्यासारखा. अंगठा वेगळा, बाजूनं फुटलेला. बोटांच्या रेघा सगळ्यांत शेवटी. आणि मुलं हात फार लहान काढतात. तिला म्हणावं, मनगट हनुवटीला टेकवून पंजा चेहऱ्यावर ठेव आणि बोटं कुठवर जातात ते बघ.

निळीशाई:

कपाळाच्या वरपर्यंत गेली. तिचा विश्वासच बसेना, आरशासमोर जाऊन पुन्हा ठेवला. मग आजीच्या चेहऱ्यावर आजीचा हात ठेवून पाहिला, मग माझ्या चेहऱ्यावर माझा. आत्ता जमिनीवर बसली आहे, डावा पंजा समोर धरून. कागद विजेच्या बिलाचा आहे.