बाळंतिणीची भूक आणि आतड्याची वाढ
बाळंतिणीची वाढलेली भूक ही केवळ आळिवाच्या लाडवांनी लावलेली सवय आहे, असे काही जण म्हणतात, ते मत मला पटत नाही. दूध पाजणाऱ्या उंदराच्या मादीचा आहार दुपटीहून अधिक वाढतो, तो पेलण्यासाठी तिचे लहान आतडे लांब व जड होते, आणि पिल्ले दूध सोडल्यावर ते पुन्हा पूर्ववत होते. स्त्रीचे शरीरही गरजेप्रमाणे स्वतःला बदलते, याचे कॅल्शियम हे विशेष बोलके उदाहरण आहे: गरोदरपणात आतडे ते जवळजवळ दुप्पट शोषते, स्तनपानाच्या काळात मात्र शोषण पूर्वीइतकेच होते आणि दुधासाठी हाडांतले कॅल्शियम वापरले जाते, ज्याची झीज पुढे बहुतांशी भरून निघते. दादरला बहिणीच्या बाळंतपणात तिला मध्यरात्री लागणारी भूक मी पाहिली आहे. तेव्हा तिला अधाशी म्हटले गेले, याचे मला आजही वाईट वाटते.