अर्धे पान त्यांना, चार ओळी अकोल्याला

अनिलकाका: सकाळी ग्रुपवर आलेले वर्तमानपत्राच्या शिक्षण पुरवणीचे कात्रण वाचले. इंग्लंडमधील एका विद्यापीठावर अर्धे पान मजकूर, हिरवळीवर बसलेल्या मुलांचे रंगीत छायाचित्र आणि त्याच पानाच्या तळाशी परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या सल्लागारांची जाहिरात. बातमी कोठे संपते आणि जाहिरात कोठे सुरू होते, हे चष्मा लावूनही उमगले नाही. १९६९ साली अकोल्यात स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या मंडळींना आठवते ते शिवारफेरीला, दीक्षान्त समारंभाला, नाहीतर आंदोलन झाले तर, आणि तेही चार ओळींत. आपल्या बचत गटाच्या बायका ज्या यंत्रावर तूर भरडतात, ती पीकेव्ही मिनी डाळ मिल याच विद्यापीठाची आहे. एका बाजूने डाळ, दुसरीकडे चुनी आणि भुसा वेगळा पडताना आपण रोज पाहतो. हेच यंत्र परदेशातील एखाद्या प्रयोगशाळेतून आले असते, तर त्याचे छायाचित्र पहिल्या पानावर झळकले असते.

रोशनी: काका, तुमचे म्हणणे पटते, परंतु जागतिक क्रमवारीत आपल्याकडची विद्यापीठे वर दिसत नाहीत, याला वर्तमानपत्र काय करणार? शिवाय निकाल उशिरा लागतात आणि प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, हेही खरेच आहे.

अनिलकाका: निकालाचे आणि जागांचे अवश्य छापावे, त्यात मला काहीच गैर वाटत नाही. क्रमवारीचे मात्र नीट पाहा. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक क्रमवारीत २०२४ च्या आवृत्तीपासून ३० टक्के गुण प्राध्यापकवर्गातील प्रतिष्ठेला आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मताला ठेवले आहेत, म्हणजे जवळपास निम्मे गुण नाव ऐकलेले असण्याचे. ज्याच्याविषयी कोणी लिहीत नाही त्याचे नाव कोण घेणार, आणि नाव नाही म्हणून पुन्हा कोणी लिहीत नाही. भारतात शाखा काढू पाहणाऱ्या परदेशी विद्यापीठांसाठी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२३ मध्ये जी अट घातली, तीही प्रामुख्याने जगातील पहिल्या ५०० क्रमांकांची.

सुमनआत्या: मग पोरांनी बाहेर जाऊच नये की काय?

अनिलकाका: तसे मुळीच नाही, ताई. ज्यांचे नाव या विद्यापीठाला आहे ते भाऊसाहेब, म्हणजे पंजाबराव देशमुख, स्वतः ब्रिटनमध्ये शिकून आले आणि १९३२ साली त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. माझा आक्षेप अर्धवट माहितीला आहे. ब्रिटनमधील विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडून स्थानिकांपेक्षा बरेच जास्त शुल्क घेतात आणि त्यांचा मोठा खर्च त्या पैशावर भागतो, म्हणूनच त्यांचे प्रतिनिधी नागपूरपर्यंत येतात. हे त्या अर्ध्या पानात एका ओळीनेही आलेले नाही. शेत गहाण ठेवून कर्ज काढणाऱ्या बापाला हिरवळीच्या छायाचित्रापेक्षा या एका ओळीची गरज अधिक असते.

रोशनी: असे असेल तर संपादकांना पत्र पाठवू या. मी टंकलेखन करून देते. त्या पानाचे पैसे कोणी दिले होते, हा प्रश्न तेवढा पहिल्याच परिच्छेदात घ्या.