मदत हवी आहे: २५ एचपीची मोटर बोट ओढत नाही, टॉर्क कमी पडतोय का?

काठावरचा: कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला यायच्या आत हे निस्तरायचंय. मंडळानं पुरासाठी जुनी आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं लावायची मोटर, घेतली. दोघं बसलो की बोट सुसाट. माणसं भरली की नाक वर करून नुसती पाणी ढवळते. विकणारा म्हणतो, "टॉर्क कमी आहे, ४० एचपीची घ्या." टॉर्क आणि एचपीत फरक काय? ४० ची घेऊ का? लवकर सांगा.

उद्यमनगर_लेथ: माणसं भरली म्हणजे किती? बोट किती फुटी? फुल थ्रॉटलला आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे किती? पंख्याचं पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो किती इंच पुढं सरकंल, ते किती?

ऊसवाला: टॉर्कच बघा. माझा ४५ एचपीचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो. पाव्हण्याची ८० एचपीची कार एक तरी ओढंल का?

उद्यमनगर_लेथ: ट्रॅक्टर ओढतो गिअरच्या जीवावर. बोटीला पुढं जायला गिअर एकच. पंख्याचं पिच हाच तिचा पहिला-दुसरा.

जुना_टूस्ट्रोक: ऑइल कुठलं घालता? मी बाईकचंच टूटी (टूस्ट्रोक ऑइल) घालतो, काही होत नाही.

उद्यमनगर_लेथ: होतं. आउटबोर्ड पाण्यानं थंड होते, तिला टीसी-डब्ल्यू३ हे बोटीच्या टूस्ट्रोकचं ऑइल लागतं. लोकांना नको ते शिकवू नका.

काठावरचा: ऑइलचं कुणी विचारलं राव? १६ फुटी फायबर, दहा माणसं. आरपीएम मोजायचा टॅकोमीटर उसना आणला. दोघं असताना ५४००, दहा जण बसले की ४४००. पंख्यावर विकणाऱ्यानं काळा रंग फासलेला, चाकूनं खरवडल्यावर पिच १३ दिसलं. एका पात्याचं टोकही मुडपलंय.

उद्यमनगर_लेथ: हे आधी सांगायचं की! टॉर्क म्हणजे पिळायचा जोर. त्या जोरानं मिनिटाला किती फेरे होतात, ते धरलं की एचपी. टॉर्कचे न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, की किलोवॅट. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट. २५ एचपी ५५०० ला मिळत असेल तर टॉर्क साधारण ३२. तोच ४४०० ला धरला तर हातात २० एचपी. पाच घोडे तबेल्यातच! खालचा गिअर दोनास एक असेल तर पंख्याला टॉर्क दुप्पट, फेरे निम्मे, एचपी तेवढीच. १० पिचचा पंखा बसवा. पिच इंचानं कमी केलं की साधारण २०० आरपीएम चढतात. मॅन्युअलमधली आरपीएमची रेंज बघा, आणि दोघंच असताना थ्रॉटल पूर्ण पिळू नका, इंजिन जास्त फिरंल.

ऊसवाला: म्हणजे मी म्हणत होतो तेच. गिअर.

उद्यमनगर_लेथ: तुम्ही टॉर्क म्हणत होता.

कोकणातला_जावई: पंखा राहू दे. बोटीच्या पाटीवर माणसं किती लिहिलीत? जास्तीत जास्त एचपीही तिथंच असते. ४० तिला झेपते का?

काठावरचा: पाटी? बोटही त्यानंच रंगवून दिलीय. खरवडून सांगतो.